न मरणारा नेचा

“मेला म्हणणारा कोण तो? पुढे या! अहो, नाडी बघितल्याशिवाय डॉक्टरसुद्धा मेला म्हणत नाही, आणि तुम्ही नुसता रंग बघून मयत काढताय? पुढे या म्हणतो ना!”

हे आमचे सर ओरडत होते. कल्याणला आमच्या हायस्कुलाच्या भिंतीला भिंत लावून चेअरमनसाहेबांचा बंगला होता, त्या बंगल्याच्या लांबलचक ओटीवर, चैत्र संपत आलेला असताना, भर दुपारी. समोर ठाण्याहून आलेले मोठे साहेब बसलेले, गळ्यात हार, हातात वाळ्याचं सरबत. ओटीच्या वाशांना तारेच्या टोपल्या ओळीनं टांगलेल्या. त्यांतून एरवी हिरवीगार झुंबरं लोंबायची. त्या दिवशी लोंबत होत्या तपकिरी, वाळक्या, मुठी आवळलेल्या केरसुण्या.

सरांचा आवाज असा की दुर्गाडीवरची गिधाडं उठून खाडीपलीकडे गेली आणि कोनगावात एका म्हशीनं दूध आटवलं. म्हशीचं मला एका कोनगावकरानं सांगितलं. गिधाडं मी स्वतः पाहिली.

तुम्ही म्हणाल, हा वाढवून सांगतो. सांगतो, कबूल. चित्रकलेचा मास्तर होतो मी त्या शाळेत, आणि उंदीर काढायला घेतला तर त्याची मांजर होऊन बसायची. पण चेअरमनबद्दल वाढवून सांगायची मला कधी गरज पडली नाही. त्या गृहस्थानं देवाघरून येतानाच सगळं वाढवून आणलेलं होतं.

सर सायन्स शिकवायचे. शाळेत सायन्सची खोली नव्हती. एक सूक्ष्मदर्शक होता, त्याची एक काच तडकलेली. त्यातून काहीही पाहिलं तरी मधोमध वीज चमकल्यासारखी रेघ दिसायची. सर म्हणायचे, “ती रेघ कमिटीची आहे. ती सोडून बाकीचं बघा.” इतकी वर्षं त्यांनी एकच मागणं मागितलं होतं: एक खोली द्या. उत्तरेकडे खिडकी असलेली, पाण्याचं टाकं असलेली एक खोली.

अंगावर बारमाही एकच काळा कोट. त्याचा डावा खिसा कायम ओला, कारण त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी हिरवं असायचं. उजवा खिसा कोरडा. त्यात चामड्याचे वायसर. होय, नळाचे वायसर. गळकी तोटी हा माणूस सहन करू शकत नसे. डोंबिवलीला एका लग्नात मंगलाष्टकं चालली होती, भटजींनी ‘शुभमंगल’ची तान उंच नेलेली, आणि सर एकदम ताठ झाले. “गळतंय,” म्हणाले. मला काही ऐकू येईना. हा माणूस अक्षता हातात घेऊन मांडवातून मागच्या दारी गेला, कुणाच्या तरी मोरीत शिरला, आणि ‘सावधान’ होईपर्यंत वायसर बदलून परत आला. अक्षता टाकल्या तेव्हा त्या ओल्या होत्या. नवरीच्या मामानं विचारलं, “आपण कुणाकडचे?” सर म्हणाले, “पाण्याकडचे.”

उन्हाळ्यात वर्गात शिरताच पहिला हुकूम, “तोंडं मिटा! पाणी जातंय!” पोरांनी उन्हातून येऊन धापा टाकायच्या नाहीत, नाकानं श्वास घ्यायचा. आणि हे शिकवताना स्वतः तास अख्खा तोंड उघडून ओरडायचे. एकदा मी म्हटलं, “सर, सगळ्यात जास्त पाणी तुमचंच जातंय.” तर म्हणाले, “माझं जाऊ दे. मी नेचा आहे. माझी दारं मला वेळेवर मिटता येत नाहीत.”

नेचा म्हणजे ती जुन्या विहिरीच्या भिंतीत वाढते ना, फूल नाही, फळ नाही, नुसतं नक्षीदार पान, ती वनस्पती. सरांचा संसार नेच्यांचा. लग्न केलं नव्हतं. शाळेच्या मागच्या पडवीत कुंड्या मांडल्या होत्या, त्यांना पोरांपेक्षा सौम्य आवाजात बोलायचे. आणि नेच्यांचं एक लांबचं नातलग त्यांनी शहाडला उल्हास नदीच्या काठी शोधून ठेवलं होतं. पुस्तकात त्याला अश्वपुच्छ म्हणतात. सर म्हणायचे घोडशेपूट. दर रविवारी शहाडला जायचे आणि सोमवारी वर्गात एक काळाकुट्ट तांब्या आणि त्या घोडशेपटीची जुडी घेऊन उभे राहायचे.

“हात लाव.” पुढच्या बाकावरचा पोरगा हात लावायचा. “काय लागतं?”

“खरखरीत, सर.”

“वाळू आहे ती! हिच्या कातडीत वाळू आहे!” आणि त्या जुडीनं तांब्या घासायला लागायचे. बघता बघता तांब्या असा लखलखायचा की मागच्या बाकावरच्या पोरांनी डोळ्यांवर हात धरावेत. “पानं कुठायत हिला? ही सांध्यावरची दातेरी पट्टी दिसते? ही पानं. नावापुरती, कमिटीच्या सभासदांसारखी. सगळं काम हिरव्या दांड्यानं करायचं. श्वासाची भोकं कुठायत? दांड्याच्या खोबणीत लपवलेली, वर वाळूचा पदर. आता सांग, पाय नदीत बुडवून उभी आहे, पाण्याला तोटा नाही, मग एवढं चिलखत कशाला?”

पोरं तांब्याकडेच बघत बसायची.

“कारण उन्हाळ्यात नदी आत सरकते रे गधड्या! नदी सरकते, ही तिथेच उभी राहते! तापल्या वाळूत, वाऱ्यात. तेव्हा हिला सावली कोण देणार, तुझा बाप? पाणी असतानाच पाणी जपायची तयारी करते ती. लिहा!”

मग पोरांना शाळेच्या विहिरीकडे घेऊन जायचे. वाकवून आत बघायला लावायचे. काठाच्या खाली, दगडांच्या सांध्यांत हंसराज लोंबायचा. काळे, केसासारखे देठ, आणि पान एवढं पातळ की त्यातून विहीर दिसावी. “हा लाडोबा,” सर म्हणायचे. “विहिरीचा गार श्वास सतत अंगावर. कातडी जाड कशाला करायची? भोकं उघडी टाकून बसतो. पान सैल पडायला लागलं की भोकं आपोआप मिटतात, पण मधे कोणी जागल्या नाही, आगाऊ हाकाटी नाही. बाहेर उन्हात आणा, दुपारपर्यंत जळका पापड.”

आणि तिसरी मयूरशिखा. किल्ल्याच्या पडक्या भिंतीत, मलंगगडाच्या कातळात, जिथे मुंगीलाही तहान लागेल तिथे वाढते. पान उघडलेल्या मोराच्या पिसाऱ्यासारखं. “ही पाणी धरून ठेवायच्या फंदातच पडत नाही. जातंय? जा! पिसारा मिटते, मूठ करते, वाळून पाचोळा होते. महिनेच्या महिने तशी. लोक म्हणतात, मेली. आणि पाणी लागलं की रातोरात उघडते!” हे सांगताना सर फळ्याकडे तोंड फिरवायचे. रागीट माणसाला आपला गहिवर कुणाला दिसलेला खपत नाही. ते लगेच कुणाला तरी बाकावर उभं करायचे.

माणसांची विभागणीही याच तीन खात्यांत. आमचे हेडमास्तर हंसराज. बंगल्याच्या सावलीबाहेर अर्धा तास जगणार नाहीत. मी एकदा विचारलं, “मग चेअरमन घोडशेपूट का? पाण्यात उभे आणि अंगावर चिलखत.”

सर असे भडकले की हातातला खडू माझ्या सदऱ्यावर फुटला. “अहो रंगारी, शिवी देऊ नका त्या झाडाला! घोडशेपूट स्वतःचं पाणी जपते. दुसऱ्याच्या विहिरीत नळी सोडत नाही!”

नळी खरीच होती. आता मलाही राग आवरत नाही, तो आवरायचं मला कारणही दिसत नाही. विहीर शाळेची. गावानं शाळेसाठी खणलेली, पोरांच्या बापांनी श्रमदानानं दगड वाहिलेले. त्या विहिरीवर चेअरमननं स्वतःचं ऑईल इंजिन बसवलं होतं आणि त्याची नळी भिंतीवरून बंगल्यात. का, तर ओटीवरच्या टोपल्यांत हंसराज टांगला होता. वहिनीसाहेबांनी, म्हणजे चेअरमनच्या पत्नीनं, मुंबईला कुणाच्या तरी बंगल्यात पाहिलेला. उघड्या ओटीवर, पश्चिमेच्या वाऱ्यात हंसराज! तो वाळायचा, म्हणून आणखी पाणी, तो तरी वाळायचा, म्हणून आणखी. सकाळपासून इंजिन भक् भक् भक्, माळी नळी धरून उभा, आणि इकडे मधल्या सुट्टीत रांजणाच्या तळाला पोरांचे पेले खणखणताहेत. चेअरमनला कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं, “नेचा म्हणजे पाणी हो, मास्तर. शास्त्रच आहे ते.” शास्त्र!

होळीनंतरच्या आठवड्यात सर विहिरीत वाकून बघत होते आणि एकदम किंचाळले. खालच्या थरातला हंसराज करपला होता. पाणी इतकं खोल गेलं होतं की विहिरीचा श्वासच वर पोचत नव्हता. त्याच दिवशी कवायतीच्या तासाला सातवीतली एक मुलगी भोवळ येऊन पडली. भिंतीपलीकडे इंजिन चालू होतं.

सर मास्तरांच्या खोलीत आले. “विहिरीतला नेचा मरतोय, बाहेर पोरगी पडली, आणि तुम्ही पान लावताय?”

हेडमास्तर म्हणाले, “हळू बोला हो. पलीकडे बंगला आहे.”

“म्हणूनच मोठ्यानं बोलतोय!”

आणि गंमत बघा, बंगल्यावरून बोलावणं आलंच. सरांना आणि, सोबतीला, मला. शिव्या ऐकायच्या तयारीनं गेलो, तर चेअरमननं खुर्ची दिली. महिन्याभरात ठाण्याचे मोठे साहेब येणार होते. चेअरमनच्या वडिलांच्या नावानं शाळेत सभागृह व्हायचं होतं, त्याची कोनशिला. “मास्तर,” चेअरमन म्हणाले, “तुम्ही यातले जाणकार. ओटीवर असा नेचा लावून द्या की काही झालं तरी मरायचा नाही. सभागृहाला लागून एक खोली निघतेय. उत्तरेची. ती तुमच्या सायन्सला.”

सरांनी भिंतीपलीकडे, शाळेच्या उत्तरेच्या बाजूला पाहून घेतलं. मग म्हणाले, “आहे असा नेचा. मरणार नाही. पण नीट ऐका: मरणार नाही म्हणालो, हिरवा राहील म्हणालो नाही. पाणी नाही मिळालं तर मूठ मिटेल. हिरवा हवा तर आदल्या दिवशी मला सांगा, तोवर त्याला पाणी द्यायचं नाही. इंजिन आजपासून बंद.”

“म्हणजे पाणी न घालता मरत नाही?”

“मरत नाही.”

“झालं तर मग! वा, मास्तर!” आणि चेअरमननं टाळी दिली. निम्मं वाक्य ऐकून टाळी देणं ही त्या घराण्याची जुनी रीत. वडिलांनी तशीच निम्म्या गावची जमीन घेतली होती.

सरांनी पडवीतल्या स्वतःच्या कुंड्या रिकाम्या केल्या. वर्षानुवर्षं किल्ले पालथे घालून जमवलेली एकूण एक मयूरशिखा, डवरलेली, बंगल्यात गेली. हंसराजाच्या टोपल्या उतरवून ती चढली. इंजिन थांबलं. चेअरमन महाबळेश्वरला थंड हवा खायला निघून गेले. इकडे विहिरीत पाणी चढायला लागलं. रांजण मधल्या सुट्टीनंतरही ओलाव्यानं काळा दिसू लागला. पोरं पाणी पिऊन उरलेलं एकमेकांच्या मानेवर ओतायची. सर त्यांच्यामागे छडी घेऊन धावायचे, “वाया घालवता! वाया घालवता!” इतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

चेअरमन परतले ते थेट समारंभाच्या सकाळी. ओटीवर पाय ठेवला आणि वर पाहिलं. तिथून पुढचं तुम्हांला ठाऊक आहे, केरसुण्या.

पाहुण्यांसमोर त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग साहेबांनीच सरबताचा घोट घेत विचारलं, “हे काय टांगलंय?” तशी चेअरमनची मान लाल झाली. “मास्तरांना विचारा! माझ्या दारात, शुभकार्याच्या दिवशी, यांनी मेलेली झाडं टांगली!”

तिथे सर ओरडले ते सुरुवातीला सांगितलंच.

“मेलेली नाहीत? मग दाखवा जिवंत!” चेअरमननं माळ्याला हाक मारली. “इंजिन लाव रे! भिजव सगळं! विहीर रिकामी झाली तरी चालेल, साहेब जायच्या आत हिरवं दिसलं पाहिजे!”

माळी भिंतीतल्या फाटकातून विहिरीकडे पळाला. पण आमचे सर, पन्नाशीचा माणूस, गुडघ्यांत वात, असे धावले की मला कोटाची दोन टोकं तेवढी दिसली. मी पोचलो तेव्हा इंजिनाचं हँडल उपटून सर विहिरीच्या काठावर उभे होते.

“एक बादली!” ते गरजले. “एक बादली पुरते सगळ्यांना! आणि तीसुद्धा आत्ता उघडणार नाही, उद्या सकाळी उघडतील! ते झाड आहे, तुमचा हेडमास्तर नाही, शिट्टी वाजली की उभं राहायला!”

“हँडल द्या, मास्तर. खोली हवी ना तुम्हांला?” चेअरमन फाटकातूनच म्हणाले. एकदम गोड. तो गोडवा आठवला की अजून माझ्या हाताची मूठ वळते.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हँडल विहिरीत पडलं. टाकलं असं मी म्हणत नाही. पडलं. आवाज मात्र असा झाला की पाणी वर आलंय हे सगळ्या कल्याणला कळलं.

साहेब बिचारे सभ्य होते. त्यांनी विचारलं, “खरंच जिवंत आहेत का हो?” सरांनी ओटीवर येऊन एक केरसुणी टोपलीतून काढली आणि साहेबांच्या पुढ्यातल्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या जगमध्ये खोचली. “सकाळपर्यंत थांबा. स्वतः बघा.”

“मला संध्याकाळच्या आत ठाण्याला पोचायचंय,” साहेब म्हणाले आणि घड्याळ बघत मोटारीत बसले. खरं उगवायला एक रात्र लागणार होती, आणि एवढ्या ओटीभर माणसांत एकाकडेही रात्र नव्हती.

मोटारीची धूळ बसायच्या आत चेअरमन म्हणाले, “उद्यापासून शाळेत येऊ नका.” हेडमास्तर शेजारीच होते. ते टोपल्यांकडे बघत राहिले.

सकाळी मी बंगल्यावर गेलो. जग तिथेच होता, कुणी उचललाच नव्हता. त्यात मयूरशिखा उभी होती, हिरवीकंच, पिसारा पूर्ण फुलवून, असा की तो पाहून खरा मोर शरमेनं पिसं गाळील. मी जग उचलला आणि चेअरमनसमोर आदळला. “बघा! जिवंत आहे! बघा!”

त्यांनी पाहिलं. चहाची बशी ओठांना लावली. “जग घासून ठेवायला सांगा,” म्हणाले.

उरलेल्या टोपल्या त्यांनी उकिरड्यावर फेकायला लावल्या होत्या.

नवं हँडल मुंबईहून यायला आठवडाही लागला नाही. पण तेवढ्यात भोवळ आलेल्या त्या सातवीतल्या मुलीची आई गावच्या दहा-बारा आगरी बायका घेऊन विहिरीवर आली. माळी नवं हँडल घेऊन आला तर ती इंजिनावर बसलेली, पाय सोडून. “माजे पोरीला पियाला पानी नाय, न यांचे झारांना आंघोल? लाव तुजा इंजीन! माज्या मांडीखालून लाव!” माळ्यानं हँडल पाठीमागे लपवलं. रोज पाळीपाळीनं बसल्या त्या बायका. शेवटी इंजिन उचललं गेलं, नळी तुटली, आणि पुढे नगरपालिकेचं पाणी आलं तेव्हा शाळेत पोरांसाठी नळ बसला.

त्या नळावर पितळी पाटी लागली. ‘देणगी’ असं लिहून पुढे कुणाचं नाव असेल, ओळखा. पाटी लागली त्या दिवशी हेडमास्तरांनी भाषण केलं, की चेअरमनसाहेबांना लहान मुलांची तहान बघवत नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी उठलो आणि तडक शहाडला गेलो.

सर तिथे नदीकाठी एका खोलीत राहायचे, शिकवण्या करायचे. दारात घोडशेपटीची जुडी आणि एक लखलखीत तांब्या. मी उंबऱ्यावरूनच ओरडायला सुरुवात केली. त्यांच्याच आवाजात, मला वाटतं. पाटी सांगितली, भाषण सांगितलं. उत्तरेच्या खोलीत चेअरमनच्या वडिलांची तसबीर आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्यात, तेही सांगितलं. “सर, नोकरी तुमची गेली, खोली तुमची गेली, झाडं तुमची उकिरड्यावर, आणि नाव त्या चोराचं! पोरं रोज पाणी पितात आणि वर त्याचं नाव वाचतात! तुम्ही काहीच बोलणार नाही?”

मी वाट पाहत होतो. नदीपलीकडची गिधाडं उठायची वाट पाहत होतो.

सरांनी विचारलं, “तोटी गळते का?”

“गळते थोडी,” मी म्हटलं.

त्यांनी कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. “मग वायसर बदला.”